उतारवयातला आवाज आणि त्याचा बाजार



कामगार युनियनचा माणूस वसंत व्याख्यानमालेत गाण्यावर बोलणार, हे पत्रकात वाचून पुष्कळांच्या भुवया वर गेल्या असतील. त्यांना एवढेच सांगतो की, मी रागदारीवर बोलणार नाही. ते मला येतही नाही. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात जास्त झाले. मी बोलणार आहे ते एका कामकरी बाईवर. साठी उलटल्यावर, बाजार दुसऱ्या आवाजांकडे वळलेला असताना, तिने आपला भाव पुन्हा मिळविला. ती बाई म्हणजे आशा भोसले.

त्यांचे पूर्वचरित्र आपल्याला ठाऊक आहे. १९३३ साली सांगलीस जन्म, १९४२ साली मास्टर दीनानाथ गेले, आणि १९४३ पासून ही मुलगी चित्रपटासाठी गाऊ लागली. हौस म्हणून नव्हे. घर चालवायचे होते. पुढे कित्येक वर्षे नायिकेची गाणी दुसरीकडे जात आणि नाचणारणीची, सहनायिकेची, लहानसहान चित्रपटांतली गाणी यांच्या वाट्याला येत. १९५७ च्या ‘नया दौर’पासून ओ. पी. नय्यर यांनी त्यांना मानाची जागा दिली, आणि नंतर राहुलदेव बर्मन यांच्या काळात त्या शिखरावर गेल्या. इथपर्यंतची गोष्ट मी लांबवीत नाही.

मला सांगायचे आहे ते १९९० नंतरचे. त्या वर्षी ‘आशिकी’ आला. गुलशनकुमारच्या स्वस्त कॅसेटी गावोगावच्या पानठेल्यांवर वाजू लागल्या. नव्या गायिका आल्या, त्याही गुणी होत्या. राहुलदेव बर्मन यांचे काम आधीच रोडावले होते. ४ जानेवारी १९९४ रोजी ते वारले. म्हणजे हक्काचा संगीतकार गेला, वय साठीला लागलेले, आणि गिऱ्हाइकाच्या कानाला दुसऱ्या आवाजांची सवय झालेली. अशा वेळी आमच्या धंद्यात माणसाच्या हातावर स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवतात. ‘स्वेच्छा’ या शब्दाचा अर्थ मी इथे सांगत बसत नाही!

८ सप्टेंबर १९९५ रोजी ‘रंगीला’ प्रदर्शित झाला. योगायोग असा की तो आशाबाईंचा बासष्टावा वाढदिवस. संगीतकार ए. आर. रहमान तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते, आणि पडद्यावर होती विशीतली ऊर्मिला मातोंडकर. त्या तरुण अंगाला हा बासष्ट वर्षांचा गळा असा बसला की थेटरात कोणाला शंकाही आली नाही. फिल्मफेअरने त्याबद्दल खास पारितोषिक दिले. दोन वर्षांनी, १९९७ साली, लेस्ली लुईस यांच्याबरोबर ‘जानम समझा करो’ हा पॉप गाण्यांचा संच निघाला. पॉप म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या मंडळींसाठी सांगतो. चित्रपटाच्या आधाराशिवाय, गायकाच्या नावावर आणि चेहऱ्यावर विकले जाणारे गाणे. चित्रपटात गायक पडद्यामागे असतो आणि तोंड नटीचे असते. इथे तोंडही आपलेच द्यावे लागते. ज्या दूरचित्रवाहिन्या पोराटोरांसाठी काढलेल्या, त्यांच्यावर चौसष्टीच्या घरातली ही बाई भरजरी साडी नेसून आली, आणि पोरांनी तिला उचलून धरले.

त्याच वर्षी विलायतेत कॉर्नरशॉप नावाच्या वाद्यवृंदाने एक गाणे काढले, ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. रचणारे तजिंदरसिंग हे तिकडेच वाढलेल्या पंजाबी घरातले. गाण्याचा विषय आपल्याकडची पार्श्वगायिका. प्रथम ते फारसे चालले नाही. मग नॉर्मन कुक यांनी त्याची गती वाढवून नवी आवृत्ती केली आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. गंमत पाहा, त्यात आशाबाई स्वतः गात नाहीत. नाव मात्र त्यांचे त्रिखंडात गाजले. २००५ साली अमेरिकेतल्या क्रोनोस चौकडीने राहुलदेव बर्मन यांच्या चाली त्यांच्याकडून नव्याने गाऊन घेतल्या आणि ती तबकडी ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत पोहोचली.

हे घडले कसे? ‘दैवी देणगी’ म्हटले की विचार करण्याचे कष्ट वाचतात. मला ते उत्तर पटत नाही. हत्यार गंजू दिले नव्हते, हे एक. ‘उमराव जान’च्या वेळी, १९८१ साली, खय्याम यांनी त्यांना नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली गायला लावले. आधी त्यांनी कुरकुर केली, मग गायल्या आणि राष्ट्रीय पारितोषिक मिळविले. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसाव्या वर्षी ज्याला आपली पट्टी बदलता येते, त्याला बासष्टाव्या वर्षी रहमानची पद्धतही जमते. ही पद्धत निराळी. गाणे तुकड्यातुकड्याने ध्वनिमुद्रित करायचे, पुढे त्याला कोणता साज चढणार हे गाताना पुरते माहीत नसायचे. मुलाच्या वयाच्या माणसाकडे कारागीर म्हणून जायला मानही थोडा बाजूला ठेवावा लागतो.

पण एवढ्याने भागत नाही. बाजाराला गरज होती म्हणूनही हे झाले. उपग्रह वाहिन्या नव्याने आल्या होत्या, त्यांना चोवीस तास भरायचे होते. ओळखीचे नाव आणि नवा ठेका, असा माल त्यांना हवा होता. प्रसिद्धी हे भांडवलच आहे, आणि आशाबाईंकडे ते अर्धशतकाचे साठलेले होते. दुसरीकडे, ज्या संगणकाने हा नवा ठेका दिला, त्यानेच मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतल्या व्हायोलिनवाल्यांची रांग उठवली. पन्नास-साठ वादकांचे काम एका पेटीतून निघू लागले. त्यात गोव्याचे कितीतरी वादक होते. त्यांच्या पुनरागमनाची कोणी तबकडी काढली नाही. हे बोललो नाही तर मी युनियनचा माणूस कसला?

आता पैशाकडे येतो. जुने गाणे पुन्हा चालले तर पैसा कोणाला? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जुन्या गाण्याची नवी आवृत्ती काढायला वाट ठेवलेली होती. हक्कदाराला सूचना द्यायची, ठरलेले स्वामित्वधन भरायचे, की झाले. पण हक्कदार म्हणजे शब्दांचा आणि चालीचा मालक, बहुधा कंपनी. जिने ते गाणे गाऊन लोकांच्या तोंडी बसविले, तिचे त्यात नाव नाही. २००२ च्या सुमारास जुन्या गाण्यांना ठोके लावून विकण्याची लाट आली, तेव्हा मूळ गायिका नुसत्या ऐकत बसल्या.

या प्रश्नावर लताबाई साठाव्या दशकातच उभ्या राहिल्या होत्या. गायकाला स्वामित्वधन मिळाले पाहिजे, ही त्यांची मागणी. महंमद रफींचे म्हणणे असे की, गाण्याची बिदागी घेतली, व्यवहार संपला. दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे सोडले. त्या काळात रफींबरोबरची पुष्कळ युगलगीते सुमन कल्याणपूर यांच्या वाट्याला आली. त्यांचा दोष मी मानीत नाही, काम समोर आले ते त्यांनी उत्तम केले. रफी माणूस म्हणून देवमाणूस होते. पण मजुरीच्या प्रश्नात एकट्याचे औदार्य दुसऱ्याच्या पोटावर येते. मी स्वतः लताबाईंच्या बाजूचा आहे.

कायदा हलायला फार वेळ लागला. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क प्रथम पुस्तकात आला. २०१२ च्या दुरुस्तीने, ध्वनिमुद्रणाचा धंद्यासाठी वापर झाला तर कलावंताला स्वामित्वधन मिळावे, असे लिहिले गेले, आणि २०१३ साली गायकांनी ते गोळा करण्यासाठी आपली संस्था काढली. म्हणजे संघटना झाली! २०२५ साली आशाबाईंना आणखी एका दारावर जावे लागले. यंत्राने त्यांचा आवाज हुबेहूब उतरवून वापरणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम मनाईहुकूम दिला. पूर्वी गाणे चोरीला जाई, आता गळाच जातो.

आपण म्हणाल, मुंबईच्या गोष्टी रिद्धपुरात कशाला? महदंबेने गोविंदप्रभूंसाठी धवळे रचून गायिले ते याच गावी. बाईच्या गाण्याची कदर इथे नवी नाही. आणि आपल्या मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर भागात भजनाच्या, कव्वालीच्या, भीमगीतांच्या कॅसेटी भरणारे गायक काय थोडे होते? त्यांपैकी अनेकांनी एका रात्रीत आठ-दहा गाणी भरली, हजार-दोन हजार रुपये घेतले, आणि समोर आलेल्या कागदावर न वाचता सही केली. आज तीच गाणी पोरांच्या मोबाईलवर वाजतात. गाणारा संत्र्याच्या बागेत मजुरीला जातो. त्यांतल्या कोणाला पुन्हा उभे राहायचे असेल तर नवा ठेका, नवा मुद्रक, मोबाईलवरचे खाते हे सर्व पुढचे. आधी त्या कागदावर काय लिहिले आहे ते पाहिले पाहिजे. गाणे विकले की नुसता आवाज भाड्याने दिला, मुदत किती, पुढल्या वापराचा हिस्सा आहे की नाही, आणि आता नव्याने सही करायची असेल तर यंत्राने आवाज उतरविण्याची परवानगी त्यात गुपचूप घातली आहे काय.

ज्यांच्या घरी असे जुने करारपत्र असेल, फाटके असले तरी चालेल, त्यांनी ते उद्या सकाळी घेऊन यावे. अमरावतीची गाडी दुपारची आहे. तोपर्यंत मी इथल्या वाचनालयातच बसलेला असेन.