घारापुरीचा दुसरा डोंगर
(संस्थेच्या वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



गेल्या माघ पौर्णिमेच्या सुमारास आपल्या संस्थेची सहल घारापुरीला गेली होती. त्याविषयी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली.

गेटवे ऑफ इंडियापासून घारापुरी बेट सुमारे दहा किलोमीटर. शिडाच्या होड्यांचा काळ गेला. आता लाँच तासाभरात पोहोचवते. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर ‘नीलकमल’ लाँचला नौदलाच्या बोटीची धडक बसून माणसे दगावली. तेव्हा लाइफ जॅकेट घालायला कुणी कुरकुर केली नाही. लहान मुले मात्र सीगल पक्ष्यांना कुरमुरे घालण्यात दंग होती.

बेटाला एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनी दिले, तेथील दगडी हत्तीवरून. १८६४ साली तो हत्ती इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत मोडला. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांनी तो पाहिला असेल, पण तो कुठला हे ठाऊक नसेल!

पायऱ्या चढून आम्ही मुख्य लेण्यात गेलो. समोर त्रिमुखी सदाशिव. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मूर्ती पाहून आमच्यातले एक वयस्कर बंधू म्हणाले, “हे मूळचे आपलेच, नंतर बदलले.” त्यावर तिथेच बरीच चर्चा झाली. ते लेणे शैव आहे आणि सहाव्या शतकातले मानले जाते. खाते दुसऱ्याचे असताना त्यावर आपली सही कशी चालेल? परमपूज्य बाबासाहेबांनी एकेक विधान पुराव्यानिशी मांडले. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी ऐकीव गोष्टीवर हक्क सांगितला, तर खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

आणि खरी गोष्ट तर पलीकडच्याच डोंगरावर आहे!

बेटाला दोन डोंगर. पर्यटकांची गर्दी पश्चिमेकडच्या डोंगरावर. पूर्वेकडच्या डोंगराचे नाव स्तूप टेकडी. तिकडे दोन लेणी आहेत, त्यातले एक अर्धवटच राहिलेले. त्यापुढे कोरडा तलाव, बौद्ध काळातली पाण्याची टाकी आणि एक उंचवटा. तो बौद्ध स्तूप. जॉर्ज मिशेल आणि ढवळीकर या अभ्यासकांच्या मते तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा आणि मूळचा बराच उंच. म्हणजे मुख्य लेणे कोरले जाण्याच्या कितीतरी शतके आधीचा!

ऊन तापले होते, म्हणून अर्ध्याहून अधिक मंडळी लेण्याजवळच डबे सोडून बसली. उरलेले आम्ही वीस-बावीस जण पलीकडे गेलो. दिसायला तिथे काही भव्य नाही. नुसता मातीचा ढीग समजून माणूस सहज पुढे निघून जाईल. आम्ही तिथे त्रिसरण-पंचशील घेतले. एका आजीने पदरात जपून आणलेली चार फुले ठेवली. मुलांनी विचारले, “इथे बेटावर स्तूप कशाला बांधला?” प्रश्न रास्त होता. त्या काळी सोपारा आणि कल्याण ही मोठी बंदरे होती. तिथल्या व्यापाऱ्यांनी दिलेली दाने कान्हेरीच्या शिलालेखांत आजही वाचता येतात. धम्म या किनाऱ्यावर जहाजांच्या वाटेनेच वाढला. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरून काढला, तेव्हा जगाला कळला. घारापुरीच्या स्तूपाचे नाव मात्र आपल्या धम्मवर्गातल्या मुलांनाही माहीत नाही.

म्हणून कार्यकारिणीला आमची सूचना अशी की, पुढची सहल आधी नालासोपाऱ्याला न्यावी आणि त्यानंतर पुन्हा घारापुरीला. या वेळी लाँचमधून उतरल्यावर आधी पूर्वेकडच्या डोंगरावर जावे, डबे नंतर सोडावेत. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा रविवारच धरावा. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपली नावे आजच चिटणीसांकडे द्यावीत.

जयभीम, नमो बुद्धाय.