पावसाळा आणि बॅटरीची गाडी
(सोसायटीच्या सभेतील भाषण)



ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेचं पाणी भंडाऱ्यात घराघरांत शिरलं होतं. आता आपल्या पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्या आहेत. बॅटरीवर 'आयपी ६७' लिहिलेलं असलं, तरी त्याचा अर्थ एवढाच, की धूळ आत जात नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं ती टिकते. पुराचं पाणी तर दिवसभर उतरत नाही! म्हणून पाणी चढण्याआधी गाडी उंचावर न्या. एरवी चिखल ओल्या फडक्यानं पुसा. प्रेशरचं पाणी कनेक्टरमध्ये शिरू शकतं. चार्जिंगचं सॉकेट पुराच्या खुणेच्या वर बसवू. बुडालेली गाडी वरून सुकलेली दिसली, तरी तपासून घेतल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. आत ओल राहिली तर शॉर्ट होऊन आग लागू शकते, आणि वर आपली मुलंबाळं झोपलेली असतात.