कानाला दडा बसल्यास विलंब नको



सुरत हे यंत्रमागांचे शहर. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून उदरनिर्वाहासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. धोट्याचे माग चालतात तेथे आवाज बहुधा नव्वद डेसिबलच्या वर जातो. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे राबणाऱ्याची श्रवणशक्ती हळूहळू क्षीण होते, हे कामगारांना अनुभवाने ठाऊक आहे.

परंतु या परिचयातूनच एक घातक गैरसमज निर्माण होतो. एखाद्या सकाळी कामगार उठतो, तो एक कान बंद झालेला असतो. कानात सतत गुणगुण चालते, क्वचित भोवळही येते. मागाच्या आवाजाने दडा बसला असेल, मळ साचला असेल, पडसे झाले असेल, अशी तो मनाची समजूत घालतो. कानात कोमट तेल सोडतो आणि सुट्टीत गावी गेल्यावर दाखवू म्हणतो. पंधरवडा निघून जातो. उपचाराचा खरा काळ नेमका तोच असतो.

मागाच्या गोंगाटाने येणारा बहिरेपणा सहसा दोन्ही कानांना, हळूहळू येतो. तीन दिवसांच्या आत, बहुधा एकाच कानाला येणारा बहिरेपणा हा वेगळा विकार होय. त्यात अंतर्कर्णाला किंवा श्रवणाच्या मज्जातंतूला इजा झालेली असते. बहुतेक रुग्णांत तिचे कारण सापडत नाही. मळ आहे की मज्जातंतूचा दोष आहे, हे नादकाट्याने व श्रवणमापनाने तज्ज्ञाला ओळखता येते. मज्जातंतूचा दोष आढळल्यास स्टेरॉइड औषधे दिली जातात. ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होणे महत्त्वाचे असते.

उच्चदाब प्राणवायू उपचार हा त्यांचा जोडीदार आहे. अंतर्कर्णातील सूक्ष्म पेशींना प्राणवायू पुष्कळ लागतो. तो पोहोचविणारी रक्तवाहिनी मात्र अतिशय बारीक असते. बंद कक्षात हवेचा दाब नेहमीच्या दुप्पट ते अडीचपट करून रुग्णाला शुद्ध प्राणवायू दिला जातो, तेव्हा तो रक्तद्रवात अधिक प्रमाणात विरघळतो. एक बैठक सुमारे दीड तासाची असते व अशा दहा ते वीस बैठका घ्याव्या लागतात. असे कक्ष समुद्रात खोल बुडी मारणाऱ्यांच्या विकारांवर पूर्वीपासून वापरले जातात. मुंबईस कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात, 'अश्विनी'मध्ये, या शास्त्राचा विभाग आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ साली हा उपचार स्टेरॉइडच्या जोडीने दोन आठवड्यांच्या आत, किंवा गुण न आल्यास महिन्याच्या आत, एक पर्याय म्हणून मान्य केला. तो अनिवार्य मानलेला नाही.

या उपचाराच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. काही रुग्णांची श्रवणशक्ती आपोआपही परत येते. म्हणून प्रत्येक गुणाचे श्रेय कक्षाला देता येत नाही. मागामुळे आलेला जुना बहिरेपणा याने जात नाही. वर्षानुवर्षे चालणारा कर्णनाद याने थांबतो, असेही सिद्ध झालेले नाही. त्यासाठी कर्ज काढणे किंवा दागिने मोडणे शहाणपणाचे नव्हे. दाबामुळे कान दुखू शकतो. फुप्फुसाचा विकार असणाऱ्यांची आधी तपासणी आवश्यक असते. कक्षात आगीचा धोका असल्याने काडेपेटी, तेल व कृत्रिम धाग्याचे कपडे वर्ज्य असतात.

सुरतेत नवे सिव्हिल रुग्णालय व महापालिकेचे स्मीमेर रुग्णालय येथे कानाची तपासणी होते. तेव्हा सुट्टीची वाट पाहू नये. एका दिवसाचा रोज बुडेल, पण कान वाचण्याची शक्यता राहील. शिक्षकांनी विद्यार्थ्यांमार्फत ही गोष्ट घराघरांत पोहोचवावी. कारखानदारांनी अशा कामगारास त्याच दिवशी रजा द्यावी आणि एरवीही कानाचे बोळे पुरवावेत. एकाएकी बंद पडलेला कान मळाचा आहे की मज्जातंतूचा, याचा निर्णय घरी नव्हे, तज्ज्ञाकडे आणि दोन-तीन दिवसांच्या आत झाला पाहिजे.