विशेष विद्यार्थ्यांच्या शिक्षणात चित्रफितीचा उपयोग



संयोजकांनी मला दिलेला विषय फार मोठा आहे. यंत्रांची नावे सांगत बसलो तर संध्याकाळ होईल. म्हणून पेण-रोह्याकडच्या साध्या घरात, हाताशी असलेल्या मोबाईलवर काय करता येईल, तेवढेच सांगण्याचा प्रयत्न करतो.

ज्यांना आपण पूर्वी सरसकट मतिमंद म्हणत होतो, त्यांना आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांना त्यात जागा मिळाली. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला आहे. पेण शहरात सुहित जीवन ट्रस्ट आणि आई डे केअर यांसारख्या संस्था अशा मुलांसाठी काम करतात, ही आपल्या तालुक्याची जमेची बाजू होय.

परंतु अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर काय? पुष्कळ मुले घरी येऊन बसतात. आई-वडील कामावर जातात आणि मुलाच्या हातात मोबाईल देतात. तो दिवसभर कार्टून पाहतो, घरात शांतता राहते. आपल्यामागे याचे कसे होणार, हा प्रश्न मात्र पालकांना रात्री झोपू देत नाही. चित्रफीत मुलाला गप्प बसविण्यासाठी वापरायची की त्याला एखादे काम येण्यासाठी, हा माझ्या दृष्टीने आजचा खरा प्रश्न आहे.

आपल्यातील अनेकांना दूरदर्शनवरची बालचित्रवाणी आठवत असेल. पुण्याची ही संस्था १९८४ साली सुरू झाली आणि २०१७ साली बंद पडली. तिने मराठीत शैक्षणिक कार्यक्रम केले, ते खेड्यापाड्यांत पोहोचले. पण प्रक्षेपण सर्वांसाठी एकाच वेगाने धावत असे. सावकाश शिकणाऱ्या मुलाने 'पुन्हा दाखवा' म्हटले तरी दूरदर्शन संच थांबत नव्हता. आज मोबाईलवर बोट ठेवले की चित्र थांबते, मागे नेता येते, पन्नास वेळा दाखवले तरी ते कंटाळत नाही आणि चिडत नाही. आम्ही शिक्षक चिडतो, म्हणून हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

पालि अट्ठकथांमधील चूळपंथकाची कथा आपल्याला ठाऊक आहेच. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना, म्हणून थोरल्या भावानेच त्याला विहारातून जायला सांगितले. तथागतांनी त्याला आणखी एक गाथा दिली नाही. एक स्वच्छ पांढरे वस्त्र दिले, मळ दूर होण्याविषयीचे दोन शब्द दिले आणि ते वस्त्र हाताने चोळत राहायला सांगितले. वस्त्र मळत गेले तसे त्याला उमगत गेले. विशेष शिक्षणाचे शिक्षक आज जे करतात ते याहून वेगळे नाही: शब्द कमी, वस्तू हातात आणि त्याच कृतीची पुनरावृत्ती.

म्हणून विकत मिळणाऱ्या रंगीबेरंगी चित्रफितींपेक्षा घरी केलेली चित्रफीत मला अधिक उपयोगी वाटते. ती अर्ध्या ते एक मिनिटाची असावी आणि तिच्यात एकच काम असावे. समजा, हमरापूर-जोह्याकडच्या गणपतीच्या कारखान्यात मुलाला पॉलिश पेपरने मूर्ती घासण्याचे काम शिकवायचे आहे. तेव्हा 'मूर्ती कशी बनते' हा अर्ध्या तासाचा माहितीपट त्याच्या कामाचा नाही. कागदाची घडी घालणे, मूर्ती पाटावर डाव्या हाताने धरणे, पाठीवरून हलक्या हाताने घासणे, ब्रशने धूळ झटकणे, असे तुकडे पाडावेत व प्रत्येकाची स्वतंत्र चित्रफीत घ्यावी. काम करणाऱ्याच्या समोर उभे राहून चित्रण करू नये. त्याच्या खांद्यामागून करावे, म्हणजे उजवा हात उजवीकडेच दिसतो. समोरून घेतले की मुलाचा गोंधळ होतो. एक तुकडा दाखवावा, मोबाईल पालथा ठेवावा आणि लगेच वस्तू मुलाच्या हातात द्यावी. काम जमू लागले की चित्रफीत दाखवणे कमी करत बंद करावे. नाहीतर मोबाईल असेल तरच काम, अशी नवी अडचण उभी राहते.

आणखी एक पद्धत आहे. मूल स्वतः काम करत असताना चित्रण करायचे, मदतीचा हात आणि चुकलेले भाग कापून टाकायचे आणि उरलेले त्यालाच दाखवायचे. स्वतःला नीट काम करताना पाहून मुलाच्या चेहऱ्यावर जे येते ते पालकांनी एकदा अवश्य पाहावे. स्वमग्न मुलांच्या बाबतीत या दोन्ही पद्धतींवर परदेशांत बराच अभ्यास झाला असून त्यांचा उपयोग दिसून आलेला आहे.

भाषेचेही पाहिले पाहिजे. आपल्याकडे कित्येक घरांत आगरी बोलतात. घरी 'पानी' आणि 'डोला' ऐकणाऱ्या मुलाला पुस्तकी 'पाणी' आणि 'डोळा' हा दुसराच शब्द वाटू शकतो. साधारण मूल तेवढे सांभाळून घेते. या मुलाला आधीच एक ओझे आहे, त्यात दुसरे कशाला? आवाज आईचा किंवा आजीचा असावा.

कर्णबधिर मुलांसाठी केंद्र सरकारने ६ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे नेमक्या महापरिनिर्वाण दिनी, पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी भारतीय सांकेतिक भाषेसाठी सुरू केली. अंध विद्यार्थ्यांना अँड्रॉइड मोबाईलमध्येच टॉकबॅक मिळते, तर संगणकासाठी एनव्हीडीए विनामूल्य आहे. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी आयआयटी मुंबईत तयार झालेले जेलो हे चित्रांवर बोट ठेवून बोलण्याचे साधन मराठीतही आहे.

सावधगिरी दोन-तीन बाबतींत हवी. फिट येणाऱ्या मुलाला भराभर लुकलुकणारी चित्रे दाखवू नयेत, डॉक्टरांना विचारावे. दोन वर्षांखालील बाळाला पडदा नकोच. त्यापुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या वर नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. आणि मुलाच्या आंघोळीची, कपडे बदलण्याची चित्रफीत कधीही घेऊ नये; ते शिकवायला बाहुली किंवा चित्रे वापरावीत. इतर चित्रफितीही शिकविण्यासाठी असतात, व्हॉट्सॲपवर कौतुक मिळविण्यासाठी नसतात. मुलाला नाही म्हणता येत नाही म्हणून त्याची संमती आहे, असे होत नाही.

शेवटी समाजाच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. आपल्या मुलांमध्ये मोबाईल चांगला हाताळणारे पुष्कळ आहेत. रविवारी वंदनेनंतर त्यांनी दोन तास द्यावेत. पहिली चित्रफीत म्हणून पेण स्थानकावर तिकीट काढून रोह्याला जाण्याचे काम मी सुचवितो: खिडकी, पैसे, फलाट, मग कासू, नागोठणे, निडी ही स्थानके बोटांवर मोजणे आणि रोह्याला उतरणे. प्रत्येक स्थानकाच्या पिवळ्या पाटीचे वेगळे चित्रण लागेल. चित्रणासाठी दोन-तीन तरुण हवेत. ज्याला हा प्रवास शिकायचा आहे तो विद्यार्थी आणि त्याचे पालक तयार आहेत. नावे कार्यक्रमानंतर माझ्याकडे द्यावीत.