पुढं काय झालं, ते आम्हाला कळू द्या

अग्निशमन दलांतले, १०८ रुग्णवाहिका सेवेतले आणि आपत्ती प्रतिसाद दलांतले माझे सहकारी, दऱ्यांत आणि पुराच्या पाण्यात आपणहून उतरणारे स्वयंसेवक मित्र, आणि या सगळ्यांची रात्री-अपरात्री वाट पाहणारी, आज मुद्दाम इथं आलेली त्यांच्या घरची माणसं,

आपण मला या संमेलनाच्या अध्यक्षपदी बसवलंत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात जे ६६ अग्निशामक गेले, आणि मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीत मुंबई दलाचे जे चार अधिकारी गेले, त्या सर्वांना आपल्या वतीने अभिवादन करतो आणि विषयाकडे वळतो.

अध्यक्षानं गेल्या काही वर्षांचा आढावा घ्यावा, असा आपल्याकडचा रिवाज आहे. मुंबईत ९० मीटरची शिडी आली, आगीत माणसाऐवजी रोबो पाठवता येऊ लागला, पुरात ड्रोन उडू लागले. हे सगळं चांगलं झालं आणि आणखी व्हावं. लहान नगरपालिकांच्या दलांत आजही धुरात श्वास घेण्याचे बी.ए. सेट पुरेसे नाहीत आणि कंत्राटी पोरांना विमा नाही. त्याबद्दलचे ठराव काल एकमतानं मंजूर झाले आहेत, माझा त्यांना पूर्ण पाठिंबा आहे. आढावा मी इथंच संपवतो. कारण उरलेला वेळ मला एकाच गोष्टीसाठी हवा आहे. नोकरीत असताना ती मी प्रत्येक वरिष्ठापुढं मांडली आणि प्रत्येक वेळी ‘बघू’ एवढंच ऐकलं. आज माईक माझ्या हातात आहे.

माझी तक्रार अशी आहे. आपण माणूस बाहेर काढतो, स्ट्रेचरवर ठेवतो, कॅज्युअल्टीच्या दारात सोपवतो. कुणीतरी केसपेपरवर सही घेतं, वॉर्डबॉय स्ट्रेचर आत ढकलतो आणि दार लागतं. त्या माणसाचं पुढं काय झालं, ते आपल्याला कधीच कोणी सांगत नाही. जो जागेवरच गेला, तो मात्र आपल्याला पक्का माहीत असतो. त्याला आपण चादरीत गुंडाळलेलं असतं, पंचनाम्याला उभे राहिलेलो असतो, त्याच्या आईचा हंबरडा ऐकलेला असतो. जगलेला माणूस त्या दारामागं नाहीसा होतो आणि मेलेला आपल्यासोबत स्टेशनवर परत येतो. पंचवीस-तीस वर्षं हेच चाललं की जवानाच्या मनातली वही कशी होते? नावेची पानं भरलेली आणि जमेची सगळी फाडून नेलेली. मग आपण त्याच वहीवर बोट ठेवून त्याला विचारतो, ‘तू इतका खचलास कशानं?’

आपल्या मनावर या कामाचा काय परिणाम होतो, यावर काल दोन परिसंवाद झाले. प्रेतं पाहून, जळक्याचा वास घेऊन, झोपमोड होऊन माणूस आतून पोखरला जातो, असं सर्वांनी मांडलं. ते खरं आहे. पण प्रेत आपल्या कामात येणारच. ते नको असेल तर हे काम नको. जे टाळता येण्यासारखं असून टाळलं जात नाही, ते हे न कळणं आहे. मी त्यावर बोलतो आहे.

आमच्या दलात एक तांडेल, म्हणजे जवानांच्या तुकडीचा म्होरक्या, होता. त्याचं नाव मी सांगणार नाही, त्याला ते आवडायचं नाही. गळिताच्या हंगामात एका मध्यरात्री वर्दी आली. उसाची ट्रॉली उताराला उलटली होती आणि मोळ्यांवर झोपलेला ऊसतोडीचा एक विशी-बाविशीतला पोरगा ट्रॉलीच्या लोखंडी कडेखाली मांडीपासून अडकला होता. ऊस उपसायचा, खाली लाकडी ठोकळे सारायचे, मग लोखंड फाकवणारा स्प्रेडर लावायचा. घाई केली असती तर ट्रॉली आणखी बसली असती. तांडेल काही न सांगता त्या पाचटात पोराशेजारी आडवा झाला. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात पोराचा हात. गाव कुठलं, कोयत्यावर आणखी कोण आहे, लग्न झालंय का, असं तो विचारत राहिला. पोरगं पाय दुखतो असं म्हणत नव्हतं. ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत होतं, ‘मुकादमाची उचल फेडायची राहिलीय हो.’ तांडेल म्हणायचा, ‘फिटंल रे, फिटंल. माझ्याकडं बघ.’ पाय सुटला तेव्हा रक्ताचा लोंढा आला. तांडेलानं दोन्ही मुठींनी मांडी दाबून धरली आणि तसाच तो गाडीत चढला. ग्रामीण रुग्णालयानं पोराला जिल्ह्याला पाठवलं. तिथं दार लागलं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर तांडेल आपल्या पैशानं एसटीनं त्या जिल्ह्याच्या रुग्णालयात गेला. ‘तुम्ही नातेवाईक का?’ असं त्याला विचारलं. नाही म्हटल्यावर, ‘मग साहेबांची चिठ्ठी आणा.’ आमच्या कार्यालयातून चिठ्ठी मागितली, तर ‘आपलं काम वर्दीपुरतं, नसत्या भानगडीत कशाला पडता?’ हंगाम संपला, टोळी बीडकडं निघून गेली. पोरगं गेलं, असं तांडेलानं मनाशी धरलं. पुढं ट्रॉलीची वर्दी आली की त्याचा चेहरा उतरायचा. गाडीत तो शेवटी चढायचा. घरी त्या रात्रीबद्दल एक शब्द बोलला नाही.

बरीच वर्षं गेली. आगीच्या तपासणीसाठी मी त्याच भागातल्या कारखान्यावर गेलो होतो. वजनकाट्यावर एक जण बसला होता, बाकाला कुबडी टेकवलेली. बोलता बोलता उलगडा झाला, हाच तो ट्रॉलीखालचा पोरगा. पाय गुडघ्याच्या वर कापला होता आणि पुढच्याच हंगामापासून तो तिथं पावत्या फाडत होता. आमच्या गाड्या त्याच रस्त्यानं जात-येत होत्या. पुढच्या सुट्टीला मी तांडेलाला घेऊन गेलो. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. तांडेलानं एकच विचारलं, ‘उचल फिटली का?’ तो म्हणाला, ‘फिटली की, मागंच.’ त्या रात्री तांडेल घरी सगळं बोलला. पहिल्यांदाच. त्याच्या बायकोनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात समाधान कमी होतं, राग जास्त होता. इतकी वर्षं का लागली, असा तो राग होता. मित्रहो, तो राग माझ्यात अजून आहे. आठवड्याभरात एका फोनवर जे कळलं असतं, त्यासाठी एका चांगल्या माणसाची उमेदीची वर्षं गेली.

आता काल ज्या मुद्द्यांवर वाद झाला त्याकडे येतो. एक मत असं आलं की मोठ्या वर्दीनंतर प्रत्येकाला सक्तीनं एकदा समुपदेशकासमोर बसवावं. ही कल्पना आपल्याच क्षेत्रातून आली आहे. स्वतः अग्निशमन आणि पॅरामेडिकचं काम केलेल्या जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत ती मांडली, त्यामागची कळकळ खरी होती. पण आघातातून गेलेल्या माणसांवरच्या अभ्यासांचा, वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २००२ मध्ये आढावा घेतला, तेव्हा अशा एकाच बैठकीनं पुढचा मानसिक आजार टळत नाही असं दिसलं. काहींना तर उलट त्रास झाला. मला हे त्याआधीच कळलं होतं. एक इमारत कोसळल्यावर आमच्यासाठी असाच एक समुपदेशक आला. भला माणूस होता. सभागृहात खुर्च्या गोल मांडल्या, कागद वाटले, ‘मनात काय येतंय ते मोकळेपणानं बोला’ म्हणाला. बराच वेळ कुणी तोंड उघडलं नाही. शेवटी आमचा यंत्रचालक उठून म्हणाला, ‘साहेब, जिन्याखालून जी पोरगी काढली, ती आहे का?’ समुपदेशकाला माहीत नव्हतं. आमच्या साहेबांनाही नव्हतं. यंत्रचालक खाली बसला आणि बैठक तिथंच संपली. ज्याला गरज वाटेल त्यानं जरूर डॉक्टर गाठावा, मानसिक आरोग्याच्या ‘टेलिमानस’ हेल्पलाइनचा १४४१६ लावावा, त्यात काडीचाही कमीपणा नाही. पण त्या यंत्रचालकाला आजार नव्हता, त्याला एक प्रश्न होता. प्रश्नाला उत्तर द्यायचं सोडून उपचार देऊ नका.

दुसरं मत जुन्या जाणत्यांचं. नाव विचारू नका, चेहरा पाहू नका, जीव लावू नका, म्हणजे त्रास होणार नाही. हे मला नागपूरच्या अग्निशमन महाविद्यालयापासून ऐकवलं गेलं. ज्यांनी सांगितलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण मला हे साफ अमान्य आहे. त्या तांडेलानं जीव लावला नसता तर ते पोरगं हातपाय झाडत राहिलं असतं आणि ट्रॉली त्याच्यावर बसली असती. जीव लावणं हाच आमच्या कामाचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा अवजारांचा. आपण जवानाला जीव लावायला लावतो आणि काम झालं की तो परत घेऊन ये म्हणतो. तो असा परत घेता येत नाही.

तिसरा आक्षेप नियमांचा. रुग्णाची माहिती गुप्त असते, पोलीस केस असते, तुम्ही मागणारे कोण? मला आजाराचं नाव नको, रिपोर्ट नको. जगला, दगावला, की घरी गेला, एवढं हवं. रुग्णाची संमती असेल तर आणखी एखादं वाक्य. अमेरिकेत २००४ पासून हृदय बंद पडलेल्या रुग्णांची एक नोंदवही चालते. रुग्णवाहिकेनं आणलेला रुग्ण पुढं वाचला की नाही हे रुग्णालयाकडून तिच्यात येतं आणि सेवेपर्यंत पोहोचतं. तिथंही गुप्ततेचे कायदे कडक आहेत. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, गाडीवर डॉक्टर असतो, प्रत्येक फेरीची नोंद होते. नोंद कॅज्युअल्टीच्या उंबऱ्यापर्यंत येते, तिला आणखी चार पावलं पुढं चालवा. आणि फोनवर बसणाऱ्या मुलींना विसरू नका. तिकडं बाप बेशुद्ध पडलेला, इकडं ही मुलगी लेकाला छाती कशी दाबायची ते मोजून सांगते. गाडी पोहोचते, फोन कटतो आणि दुसरा वाजतो. तिला तर दारही दिसत नाही.

जिथं कॅमेरे असतात तिथं सगळं आपोआप कळतं. माळीणच्या दरडीखालून जुलै २०१४ मध्ये तीन महिन्यांचं बाळ आणि त्याची आई जिवंत निघाली. महाडची इमारत ऑगस्ट २०२० मध्ये कोसळली, तेव्हा चार वर्षांचा मुलगा १९ तासांनी ढिगाऱ्यातून बाहेर आला. साऱ्या महाराष्ट्रानं ते पाहिलं. १९९३ च्या किल्लारी भूकंपात मंगरूळला ढिगाऱ्याखालून दीड वर्षाची मुलगी पाच दिवसांनी जिवंत निघाली. ज्या लष्करी अधिकाऱ्यानं तिला काढलं, त्यांची आणि तिची पुढं अनेक वर्षांनी भेट झाली, त्या भेटीची बातमी आपण सगळ्यांनी वाचली आहे. ती वाचताना आपल्यापैकी किती जणांचे डोळे भरून आले! आपण त्या अधिकाऱ्यांच्या जागी स्वतःला पाहत होतो म्हणून ते भरले. पण जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस कोसळली, तेव्हा खोल दरीतून तीस मृतदेह वर आणणारे ट्रेकर काम संपल्यावर आपापल्या दुकानावर, शेतावर गेले. जी एरवीची वर्दी पेपरच्या आतल्या पानावर चार ओळींत संपते, ती करणाऱ्यांना कोण काय कळवतं?

गेलेल्यांच्या घरच्यांनाही आपली गरज असते. एक आई आमच्या स्टेशनवर आली होती. ‘शेवटी माझा पोरगा काही बोलला का,’ एवढंच तिला विचारायचं होतं. तिला लेखी अर्ज करायला सांगण्यात आलं. ज्याच्या मांडीवर तो गेला तो जवान आत गाडी पुसत होता. त्यांना एकमेकांसमोर बसू न देणारा नियम कुणाच्या रक्षणासाठी आहे, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

तेव्हा काय करायचं? एक जिल्हा, एक रुग्णालय आणि एक दल घेऊन सुरुवात करू. रुग्णालयातल्या एका माणसानं आठवड्यातून एकदा स्टेशनला आणि १०८ केंद्राला कळवायचं. त्याचा नमुना आपली समिती तयार करील, वकील आणि डॉक्टर मंडळी तपासतील, मग आरोग्य खात्याकडे जाऊ. तपशील पुढच्या बैठकीत ठरवू. खर्च नाममात्र आहे. लागेल ती इच्छा.

आणि ती होईपर्यंत हात बांधून बसू नका. या सभागृहात रुग्णालयांत काम करणारे पुष्कळ जण आहेत. त्यांना मी अध्यक्ष म्हणून नव्हे, एक जुना फायरमन म्हणून सांगतो. उद्या तुमच्या कॅज्युअल्टीत कुणी चिखलानं माखलेला, धुरानं काळा पडलेला माणूस दाराशी घुटमळताना दिसला, तर त्याला नातेवाईक आहात का असं विचारू नका. त्यानं आणलेला माणूस कसा आहे, ते त्याला सांगा. चांगलं असो, वाईट असो, सांगा. वाईट ऐकायची आम्हाला सवय आहे. काहीच न कळण्याची सवय आम्हाला कधी झाली नाही आणि ती आम्ही करूनही घेणार नाही. हा आमचा हक्क आहे आणि तो मिळेपर्यंत आम्ही तो मागत राहू.