कूस बदलताना



लोणावळा–पुणे लोकल खडकीला थांबते.
तिथल्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये
मणक्याला इजा झालेले जवान राहतात.
कुणी चाकाच्या खुर्चीवर बास्केटबॉल खेळतं.
कुणी तोंडात कुंचला धरून चित्रं काढतं.
ऊर भरून येतो.

आता आपल्या घराकडे वळू.
अंथरुणाला खिळलेल्या माणसाची
कूस दर 2 तासांनी बदला.
एकाच जागी दाब राहिला,
की तिथं रक्त पोचत नाही.
जखम होते.
मणक्याच्या इजेनं बधिर झालेल्या कातडीला ती कळतसुद्धा नाही.
आपल्या मावळातल्या पावसात चादर दमट राहते.
ती कोरडी ठेवा.
आणि कूस?
रात्रीसुद्धा, दर 2 तासांनी.

अजून एक.
बधिर पायही ठणकतो, जळतो.
दुखावलेले मज्जातंतू मेंदूला चुकीचे निरोप धाडतात.
ही वेदना खरी असते.
“तुला तिथं कळतच नाही, मग दुखेल कसं?”
असं कृपा करून म्हणू नका.
यावर औषधं आहेत.
डॉक्टरांना सांगा.