मुलांना अन्नजाळे शिकवताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या या आनंदाच्या प्रसंगी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. मी काही वक्ती नव्हे; चौथीच्या वर्गाला शिकवणारी साधी शिक्षिका आहे. तेव्हा जे रोज शिकवते त्याविषयीच बोलावे, हे बरे.

आमच्या मुलांना 'परिसर अभ्यास' हा विषय असतो. त्यात कोण कोणाला खातो हा भाग आला की मुले फार रंगतात. गवत टोळ खातो, टोळाला बेडूक, बेडकाला साप आणि सापाला घार. ही झाली अन्नसाखळी. पहिली काही वर्षे मीही एवढेच फळ्यावर लिहून मोकळी होत असे. पण घार काही केवळ सापांवर जगत नाही. तिला उंदीरही चालतो आणि उकिरड्यावरचे मांसही चालते. साप बेडूक खातो, तसे उंदीरही खातो. अशा अनेक साखळ्या एकमेकींत गुंतल्या म्हणजे त्यांचे अन्नजाळे होते. आणि हे सारे जीव व त्यांच्याभोवतीची माती, पाणी, हवा, ऊन यांची मिळून जी घडी बसते, ती परिसंस्था.

हे शिकवताना मुलांच्या तीन चुका हमखास होतात. पहिली बाणाची. मुले बाण सापाकडून बेडकाकडे काढतात, कारण साप बेडकावर झडप घालतो. पण बाण दाखवतो तो अन्न कोठून कोठे गेले ते. म्हणून तो बेडकाकडून सापाकडे हवा. दुसरी चूक, झाडे माती खातात असे समजण्याची. झाड मातीतून पाणी व क्षार घेते, परंतु आपले अन्न ते उन्हाच्या साहाय्याने पानांत तयार करते. तिसरी चूक म्हणजे घारीपाशी गोष्ट संपवणे. घारही एक दिवस मरतेच! तिच्या देहाची पुन्हा माती करणारे किडे, बुरशी आणि जिवाणू चित्रात काढलेच पाहिजेत.

घार एक आणि टोळ असंख्य, असे का? यासाठी मी 100 शेंगदाणे घेऊन बसते. एका पायरीवर साठलेल्या शक्तीपैकी ढोबळ मानाने दहावा हिस्साच पुढच्या पायरीला मिळतो. उरलेली हालचालीत, श्वासात आणि उष्णतेत खर्च होते, नाहीतर न खाल्लेल्या भागात राहते. रेमंड लिंडमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1942 साली हा हिशेब मांडण्याची वाट दाखवली. गवताचे 100 दाणे मांडले, तर टोळाला 10 आणि बेडकाला 1. सापाच्या वाट्याचा तुकडा करताना मुलांना हसू येते, पण गोष्ट मनात बसते.

मग सुतळीचा खेळ. मुले गोल उभी राहतात. कोणी भात, कोणी टोळ, कोणी बेडूक, उंदीर, धामण, घार, गांडूळ. ज्याचा ज्याच्याशी खाण्याचा संबंध, त्याच्याकडे सुतळीचा गुंडा जातो. जाळे ताणले गेले की मी एकाला हातातली सुतळी सोडायला सांगते. ज्याला ढिलाई जाणवेल त्याने हात वर करायचा. एकेक करीत बहुतेक सारे हात वर होतात.

आपल्या देशाने ही ढिलाई प्रत्यक्ष पाहिली आहे. 1990 नंतरच्या काही वर्षांत गिधाडांच्या तीन जाती झपाट्याने नाहीशा होऊ लागल्या. गुराढोरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे 2004 साली उघडकीस आले. 2006 साली जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर भारतात बंदी आली, पण तोवर फार उशीर झाला होता. गिधाडे गेली, मेलेली ढोरे उघड्यावर राहिली आणि त्यांवर मोकाट कुत्री पोसली गेली. औषध देणाऱ्याच्या मनात गिधाड नव्हतेच. त्याला आपली गाय बरी व्हायला हवी होती.

आता जरा अवघड बोलते. गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या मागील अंगणात साप निघाला, हे आपणां सर्वांना आठवत असेल. काठ्या आल्या, साप मारला गेला. ती धामण होती. बिनविषारी, उंदरांची शत्रू. मुले कठड्यावरून पाहत होती. मीही तेथेच होते आणि गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलीने विचारले, "बाई, काल धामणीने सुतळी सोडली ना? मग हात कोणी वर करायचा?" मला उत्तर देता आले नाही.

त्या एका धामणीवाचून आपल्या कोठीत उंदीर वाढले, असे मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा माझ्याजवळ नाही. पण फळ्यावर एक आणि अंगणात दुसरे, असे मुलांनी पाहिले, तर ती अंगणातलेच शिकतात. भीती मलाही वाटते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे विष जीव घेते. तेव्हा साप ओळखण्याचे धाडस करायला मी कोणासही सांगणार नाही. मुलांना दूर न्यावे, एकाने लांबून नजर ठेवावी आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवावे. कोणास दंश झालाच, तर मांत्रिकाकडे न जाता तडक रुग्णालय गाठावे.

माझी मंडळापुढे एवढीच विनंती आहे की, सर्पमित्राचा दूरध्वनी क्रमांक मंडळाच्या फलकावर कायमचा लिहून ठेवावा. तो अक्षरात लिहिण्याचे काम त्याच मुलीला द्यावे. तिच्या प्रश्नाला माझ्याकडून उशिरा दिलेले ते उत्तर होईल.